मालधक्क्याच्या जागी नवी वस्ती

कोणत्याही जुन्या शहराच्या वाढीत एक वेळ अशी येते, की शहराच्या ऐन मध्यावर असलेली एखादी मोठी जागा एकाएकी रिकामी होते. गिरणी बंद पडते, गोदी दुसरीकडे जाते, लष्कराची छावणी हलविली जाते किंवा रेल्वेचा मालधक्का ओस पडतो. एरवी शहराला नवी घरे बांधावयाची झाली, तर वेशीबाहेरच्या शेतजमिनीवर पाऊल टाकावे लागते; रस्ते, नळ, गटारे आणि बसगाड्या तेथवर न्याव्या लागतात. रेल्वे स्थानकाला लागून असलेली मोकळी जमीन मात्र या सर्व सोयींच्या जवळ असते. अशी संधी शहराला पिढ्यान्‌पिढ्यांत एखाददुसऱ्या वेळीच मिळते. तिचा उपयोग कसा करावयाचा, हा प्रश्न वरकरणी वास्तुशास्त्राचा वाटला, तरी मुळात तो सार्वजनिक कारभाराचा आहे. जमीन कोणाच्या हाती, कोणत्या अटींवर आणि कोणत्या क्रमाने जाते, यावर तेथे कशी वस्ती उभी राहणार हे ठरत असते.

या दृष्टीने जर्मनीतील हायडेलबर्ग या शहराने रेल्वेच्या जमिनीवर उभारलेल्या ‘बानश्टाट’ या वसाहतीची हकीकत अभ्यासण्याजोगी आहे. ‘बानश्टाट’ या शब्दाचा अर्थच रेल्वे-नगर असा आहे.

विद्येचे शहर

हायडेलबर्ग हे नाव मराठी अभ्यासकांना परके नाही. तेथील विद्यापीठाची स्थापना १३८६ मध्ये झाली. या विद्यापीठात १९६२ मध्ये दक्षिण आशियाविषयक अध्ययनसंस्था निघाली. खंडोबा, बिरोबा आदी दैवतांचा आणि धनगरांच्या मौखिक परंपरेचा महाराष्ट्रात हिंडून अभ्यास करणारे प्रा. गुंथर सोंथायमर हे याच संस्थेत अध्यापन करीत असत.

नेकार नदीच्या काठी, डोंगर आणि नदी यांच्या बेचक्यात वसलेल्या या शहराची लोकसंख्या सुमारे दीड लाख आहे. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस जतन केलेली जुनी पेठ आणि पश्चिमेस सुपीक शेते, अशी स्थिती असल्याने शहराला हातपाय पसरण्यास जागा अपुरी पडते. विद्यार्थी, संशोधक आणि नोकरदार यांची संख्या मात्र वाढतच राहिली. त्यामुळे घरांची टंचाई हा तेथील जुनाच प्रश्न आहे.

पहिली संधी

रेल्वेने मोकळी केलेली जागा हायडेलबर्गला एकदा नव्हे, दोनदा मिळाली. मानहाइम ते हायडेलबर्ग हा लोहमार्ग १८४० मध्ये सुरू झाला. त्या वेळचे स्थानक जुन्या पेठेच्या पश्चिम टोकाशी होते. पुढे शहर स्थानकाच्या भोवती आणि पलीकडे वाढले. रूळ ओलांडणाऱ्या रस्त्यांवर फाटके बंद होऊन रहदारी खोळंबू लागली. स्थानक पश्चिमेकडे हलविण्याचा विचार विसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाला. परंतु मध्यंतरी दोन महायुद्धे आली आणि नवे स्थानक सुरू होण्यास १९५५ हे साल उजाडले.

जुने रूळ उखडल्यावर शहराच्या मध्यातून एक लांबच लांब पट्टा मोकळा झाला. तो काळ मोटारींच्या कौतुकाचा होता. या पट्ट्यावर एक प्रशस्त मार्ग काढण्यात आला आणि त्याच्या दुतर्फा मुख्यतः कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. वाहतुकीची सोय झाली, परंतु लोकांनी राहावे, मुलांनी खेळावे, शेजारधर्म वाढावा, अशी वस्ती तेथे झाली नाही. अर्धशतकानंतर दुसरी संधी चालून आली, तेव्हा शहरापुढे हा अनुभव होता.

मालधक्का का ओस पडला?

नव्या प्रवासी स्थानकाच्या परिसरात, दक्षिणेच्या बाजूस, १९१४ पासून रेल्वेचा मालधक्का आणि डब्यांची जुळवाजुळव करण्याचे विस्तीर्ण यार्ड होते. त्या काळी रेल्वेने जाणारा माल सुट्या डब्यांतून जात असे. निरनिराळ्या गावांहून आलेले डबे यार्डात तोडावयाचे, ज्या त्या दिशेनुसार पुन्हा जोडावयाचे आणि नवी मालगाडी तयार करावयाची, हे काम रात्रंदिवस चाले. त्यासाठी शेजारी शेजारी डझनावारी रूळ, गुदामे, जकातीची कचेरी आणि इंजिनांच्या शेड यांची गरज असे.

पुढे किरकोळ माल मोटार ट्रकने थेट दुकानाच्या दारात जाऊ लागला. रेल्वेकडे उरलेला माल कंटेनरमधून किंवा एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्या अखंड गाडीने जाऊ लागला. डबे तोडण्या-जोडण्याचे काम कमी झाले आणि लहान-मोठी यार्डे निकामी ठरली. हायडेलबर्गच्या यार्डाचा वापर १९९७ च्या सुमारास थांबला. रुळांमध्ये गवत माजले, गुदामे रिकामी पडली. प्रवासी स्थानकाचे दर्शनी दार उत्तरेस होते. दक्षिणेकडील पडीक जागेमुळे शहराचा हा भाग पलीकडच्या वस्त्यांपासून तुटल्यासारखा झाला होता. पुढे विकासासाठी निश्चित करण्यात आलेले एकूण क्षेत्र ११६ हेक्टर, म्हणजे सुमारे २८७ एकर होते.

जमिनीचा व्यवहार आधी

यार्ड बंद झाल्यानंतर दहा-अकरा वर्षे आराखडे, चर्चा आणि वाटाघाटी यांत गेली. जमीन रेल्वेच्या जागांच्या व्यवहारासाठी स्थापन झालेल्या एका कंपनीकडे होती. ती तुकड्यातुकड्यांनी खुल्या बाजारात विकली गेली असती, तर प्रत्येक खरेदीदाराने आपापल्या हिशेबाने बांधकाम केले असते. तसे होऊ नये म्हणून २००८ मध्ये नगरपालिकेने दोन पावले उचलली.

पहिले पाऊल म्हणजे जमीन एका खास विकास कंपनीने एकगठ्ठा विकत घेतली. या कंपनीत नगराच्या मालकीची गृहनिर्माण संस्था, स्थानिक बचत बँक आणि प्रादेशिक बँकेची भूविकास कंपनी असे भागीदार होते. दुसरे पाऊल कायद्याचे होते. जर्मनीच्या बांधकामविषयक कायद्यात ‘नगरविकास उपाययोजना’ या नावाची तरतूद आहे. सार्वजनिक हितासाठी एखादा भाग नव्याने वसवावयाचा असेल, तर नगरपालिका ठरावाने त्याची हद्द निश्चित करते आणि त्या हद्दीत जमिनीच्या किमतीसंबंधी वेगळे नियम लागू होतात.

या नियमाचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. समजा, पडीक अवस्थेत एका भूखंडाची किंमत शंभर रुपये आहे. तेथे रस्ता, पाणी, शाळा आणि बाग येणार हे जाहीर होताच ती तीनशेवर जाते. ही दोनशे रुपयांची वाढ जमीनमालकाच्या कष्टाने झालेली नसते. ती सार्वजनिक निर्णयामुळे आणि सार्वजनिक खर्चामुळे झालेली असते. म्हणून कायदा असे सांगतो, की विकासाच्या अपेक्षेने फुगलेली किंमत न देता मूळ किमतीने जमीन घ्यावी, सुविधा कराव्यात आणि नव्या किमतीने भूखंड विकून आलेल्या फरकातून त्या सुविधांचा खर्च भागवावा. ज्यांची जमीन घेतली जात नाही, त्या मालकांकडूनही वाढीव मूल्याच्या प्रमाणात रक्कम वसूल करता येते. शाळा, रस्ते आणि उद्याने यांच्या खर्चाचा मोठा आधार अशा रीतीने जमिनीतूनच उभा राहतो.

अट विक्रीपूर्वी

जमीन हाती असल्यामुळे नगरपालिकेला अटी घालण्याचे सामर्थ्य लाभले. त्यांतील सर्वांत महत्त्वाची अट अशी, की या वसाहतीतील इमारती ‘पॅसिव्ह हाउस’ या मानकानुसार बांधल्या गेल्या पाहिजेत. एखाददुसरी इमारत नमुन्यादाखल अशी बांधणे निराळे आणि ११६ हेक्टरांच्या वसाहतीला ही अट सरसकट लावणे निराळे. घरे, शाळा, कचेऱ्या, प्रयोगशाळा, इतकेच नव्हे तर २०१७ मध्ये सुरू झालेले चित्रपटगृहही याच मानकाने बांधण्यात आले.

हे मानक म्हणजे काय? जर्मनीत हिवाळा कडक असतो आणि घर उबदार ठेवण्यासाठी पुष्कळ इंधन जाळावे लागते. आपण थर्मासमध्ये चहा ठेवतो, तेव्हा तो गरम राहावा म्हणून थर्मासखाली शेगडी पेटवीत नाही. उष्णता बाहेर निसटू नये एवढीच व्यवस्था करतो. पॅसिव्ह हाउसचे तत्त्व हेच आहे. भिंती व छत यांना उष्णतारोधक जाड आवरण असते. खिडक्यांना तिहेरी काचा असतात. सांधे इतके घट्ट असतात, की वारा फटींतून शिरत नाही. मग घरात कोंदटपणा येऊ नये म्हणून यंत्राने हवा खेळविली जाते आणि बाहेर जाणाऱ्या उबदार हवेतील उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला दिली जाते. माणसांच्या शरीराची, दिव्यांची, स्वयंपाकाची आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाची ऊब बहुतांशी पुरेशी ठरते. या पद्धतीचे पहिले घर १९९१ मध्ये जर्मनीतीलच डार्मश्टाट या शहरात बांधण्यात आले.

मानकानुसार घर तापविण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ किलोवॉट-तासांहून अधिक उष्णता लागता कामा नये. किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट. सत्तर चौरस मीटरच्या घराला या हिशेबाने वर्षाला १,०५० युनिटे पुरतात. जर्मनीतील जुन्या, आवरणरहित इमारतींत दर चौरस मीटरला दीडशे किंवा त्याहूनही अधिक युनिटे लागतात. म्हणजे तेवढ्याच घराला दहा हजारांवर युनिटे खर्ची पडतात. कागदावरील हिशेब प्रत्यक्षात कितपत उतरतो, हे पाहण्यासाठी येथील हजाराहून अधिक घरांच्या उष्णतेच्या वापराची तपासणी करण्यात आली. सरासरी पंधराच्या आसपासच आली. बांधकामाचा नकाशा मंजूर करण्यापूर्वीच ऊर्जेचा हिशेब तपासण्याची पद्धत ठेवल्याचे हे फळ होय. या वसाहतीस २०१४ मध्ये पॅसिव्ह हाउसविषयक आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळाले.

जी थोडी उष्णता लागते, ती घरोघरी बंब न बसविता नळांच्या जाळ्यातून गरम पाण्याच्या रूपाने पुरविली जाते. त्यासाठी नगराच्या वीज व पाणीपुरवठा कंपनीने लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे केंद्र उभारले. बागा व रस्त्याकडेची झाडे छाटताना निघणारे लाकूड तेथे उपयोगी पडते. या केंद्रात उष्णतेबरोबर वीजही निर्माण होते.

पाणी, माती आणि सरडे

रेल्वेच्या वापरातील जमिनीत खडी, तेल आणि इतर दूषित द्रव्ये मुरलेली असतात. घरे बांधण्यापूर्वी रूळ काढणे आणि जमीन साफ करणे हे मोठेच काम असते. परंतु ओसाड वाटणारी ही जागा निर्जीव नव्हती. उन्हाने तापणाऱ्या खडीत आणि रुळांच्या फटींत सरड्यांच्या दुर्मीळ जातींनी आश्रय घेतला होता. कायद्याने संरक्षण असलेले हे हजारो जीव पकडून रुळांच्या कडेला मुद्दाम तयार केलेल्या दगडगोट्यांच्या अधिवासात सोडण्यात आले. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणास वाटेल. परंतु संरक्षणाचा कायदा बांधकामाच्या वेळी पाळला गेला नाही, तर तो एरवी असून नसल्यासारखाच होतो.

पावसाचे पाणी गटारात सोडून न देता ते वसाहतीतच थोपविण्याची योजना आहे. छतांचा मोठा भाग हिरवळीने आच्छादलेला असल्याने पावसाचे बरेचसे पाणी तेथेच शोषले जाते. एका लांब रस्त्याच्या कडेने पाण्याचे उथळ कुंड आहेत. पावसाचे पाणी त्यांत साठते आणि उन्हाळ्यात भोवतालची हवा थंड ठेवते.

घरांची वस्ती कशी झाली?

पहिले रहिवासी २०१२ मध्ये राहावयास आले. पूर्ण विकासानंतर सुमारे ६,८०० लोकांनी येथे राहावे आणि काही हजार लोकांना येथेच काम मिळावे, असा संकल्प आहे. राहण्याची आणि कामाची जागा जवळ असेल, तर रोजच्या प्रवासाचा वेळ वाचतो. स्थानक हाकेच्या अंतरावर आहे. ट्रामचा मार्ग वसाहतीच्या मधून नेण्यात आला आहे. शेताच्या कडेने पायी चालणारांसाठी व सायकलस्वारांसाठी प्रशस्त विहारमार्ग आहे. स्थानकाच्या दक्षिणेस सभा-संमेलनांचे मोठे भवनही २०२४ मध्ये सुरू झाले.

जुन्या सर्वच वास्तू पाडण्यात आल्या नाहीत. मालधक्क्याच्या एका दालनात संगीत व नाट्याचे कार्यक्रम होतात आणि जकातीच्या आवाराच्या जागी सार्वजनिक उद्यान आहे. वसाहतीच्या मध्यवर्ती चौकास तत्त्वज्ञ हान्स-गेओर्ग गाडामर यांचे नाव देण्यात आले असून तेथे प्राथमिक शाळा, बालवाडी आणि नागरिकांचे सभागृह यांची एकत्रित इमारत आहे. दिवसा मुलांच्या उपयोगी पडणारी जागा सायंकाळी प्रौढांच्याही कामी यावी, हा त्यामागील विचार आहे.

उणिवाही पाहाव्यात

या वसाहतीच्या काही बाजू उण्या आहेत आणि त्या जाणून घेणेही तितकेच आवश्यक आहे. शाळेची ही इमारत पूर्ण होण्यास २०१७-१८ पर्यंत वेळ लागला. तोवर रहिवासी येऊन पाच वर्षे झाली होती. नव्या वस्तीत प्रामुख्याने तरुण कुटुंबे येतात, त्यामुळे मुलांची संख्या अपेक्षेहून लवकर वाढते. घरे आधी आणि शाळा नंतर असा क्रम झाला, की त्याचा भार लहान मुलांवर पडतो. ट्रामचा नवा मार्गही रहिवासी आल्यानंतर काही वर्षांनी तयार झाला. तोपर्यंत अनेक कुटुंबांना मोटारीची सवय लागते आणि लागलेली सवय सहसा सुटत नाही.

इमारतींच्या एकसारख्या चौकोनी घडणीवरही टीका झाली. परंतु सर्वांत गंभीर प्रश्न घरांच्या किमतीचा आहे. स्थानकाजवळची जागा, नवे बांधकाम आणि उच्च दर्जा यांमुळे येथील भाडे सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबास जड जाते. इंधनाचे बिल कमी येते हे खरे. पण भाडेच परवडले नाही, तर त्या बचतीचा लाभ घेण्याची वेळच येत नाही. नगराने काही घरांच्या भाड्याला उत्पन्नानुसार साहाय्य दिले आणि आपल्या गृहनिर्माण संस्थेमार्फत भाड्याची घरे बांधली. तरीही शहरातील घरांची महागाई त्यामुळे संपली नाही. जमीन सार्वजनिक नियंत्रणात असताना स्वस्त घरांचा वाटा जितका ठरवून घेतला जाईल, तितकाच पुढे मिळतो. भूखंड विकले गेल्यावर तो वाढविणे फार कठीण असते.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राला जमीनमूल्याच्या या तत्त्वाचा अनुभव नाही असे नाही. नवी मुंबईच्या उभारणीत सिडकोने मानखुर्द ते बेलापूर या रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला आणि ३३ टक्के वाटा रेल्वेने दिला. वाशीपर्यंत गाडी १९९२ मध्ये धावली. स्थानकांच्या इमारतींतच कार्यालये आणि दुकाने यांची योजना करण्यात आली. रेल्वे आल्यामुळे वाढणारे जमिनीचे मोल रेल्वेच्याच कामी लावावे, हे सूत्र त्यामागे होते. केंद्र शासनाने रेल्वेच्या वापरात नसलेल्या जमिनींच्या विकासासाठी रेल भूमी विकास प्राधिकरणही स्थापन केले आहे. तेव्हा हा विषय आपल्या शहरांपुढे या ना त्या रूपाने येतच राहणार.

अर्थात हायडेलबर्गची घरे जशीच्या तशी येथे आणून चालणार नाहीत. तेथे ऊब राखावयाची असते, तर येथे उष्मा टाळावयाचा असतो. आपल्याकडे छताला ऊन लागू न देणे, भिंतींवर सावली पाडणे आणि वारा खेळता ठेवणे यांना अधिक महत्त्व आहे. जाड भिंतींच्या आणि चौकाच्या वाड्यांची रचना करणारांना ही गोष्ट ठाऊक होती. हवामान बदलले की उपाय बदलतो. परंतु ‘अट आधी, विक्री नंतर’ हा कारभाराचा नियम कोठेही तोच राहतो.

हा नियम केवळ मोठ्या शहरांपुरताही नाही. बंद पडलेला साखर कारखाना, हलविलेला बाजारतळ, जुने एस.टी. आगार, अरुंद रुळांच्या गाडीचे मोडलेले स्थानक, अशा जागा तालुक्याच्या गावीही असतात. अशी जागा मोकळी होणार असे दिसताच स्थानिक संस्थेने काही प्रश्नांची उत्तरे लेखी तयार ठेवावीत. जमिनीची मालकी व हद्द नेमकी काय आहे? माती व पाणी दूषित आहे काय? शाळा, दवाखाना, मैदान यांसाठी किती जागा राखावयाची? पावसाचे पाणी कोठे जाणार? अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी किती घरे? विक्रीतून येणारा पैसा कोणत्या कामासाठी बांधून ठेवावयाचा? या प्रश्नांची चर्चा ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत उघडपणे झाली, तर पुढील तंट्यांना पुष्कळ आळा बसेल. शिक्षकांनीही आपल्या गावच्या अशा एखाद्या जागेचा नकाशा विद्यार्थ्यांकडून तयार करून घेतल्यास भूगोल आणि नागरिकशास्त्र या दोन्ही विषयांचा तो उत्तम पाठ ठरेल.

हायडेलबर्गला पहिल्या संधीतून मिळाला तो रुंद रस्ता. दुसऱ्या संधीतून वस्ती उभी राहिली, ती आधीची दहा-अकरा वर्षे जमीन, कायदा आणि अटी यांचा विचार झाल्यामुळे. आपल्याकडील मोकळ्या जागांच्या बाबतीतही पहिला भूखंड विकला जाण्यापूर्वीचा काळच निर्णायक असतो. त्या काळात स्थानिक संस्था जागरूक राहिली, तर पुढील दोन-तीन पिढ्यांच्या घरांची, शाळांची आणि मैदानांची तरतूद तिच्या हातून होऊ शकते.